आईच्या विळीचे तीन आराखडे

यंदा लखनौत कोहरा उशिरा उतरला. डिसेंबर सगळा कोरडा गेला आणि संक्रांत चार दिवसांवर आली असताना एका सकाळी खिडकी उघडली, तर समोरचा कडुलिंब जागेवर नव्हता. इतकी वर्षं इथं राहून आम्ही त्याला धुकं म्हणत नाही. मराठी बोलतानाही कोहराच म्हणतो. धुकं म्हणजे वाईचं, घाटातलं, उन्हं वर आली की गुपचूप निघून जाणारं. कोहरा सामानसुमान घेऊन येतो आणि आठ-आठ दिवस मुक्काम ठोकतो.

त्या पांढऱ्या अंधारात समोरच्या घरातून रंध्याचा आवाज येत होता. तिथं दारं बसवायचं काम चाललंय. माणूस दिसत नव्हता, दार दिसत नव्हतं. लाकडावरून लांब ओढत नेलेला तो ‘सर्र’ तेवढा ऐकू यायचा, मग जरासा थांबून पुन्हा. हातरंधा हल्ली कोण चालवतं? चहाचा कप धरून मी ऐकत उभा राहिलो, आणि मला नववीतला हिवाळा आठवला. गोष्ट आठवते तसा नाही. आधी नाकात लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास आला, मग बोटांना आंब्याच्या लाकडाचा खरखरीतपणा जाणवला, आणि सगळ्यात शेवटी आई आली.

नव्वदच्या दशकाचा तो मधला काळ. बाबा बँकेत होते, चिनहटच्या शाखेत. मी तिसरीत असताना त्यांची वाईहून इकडे बदली झाली आणि आम्ही इंदिरानगरात भाड्याच्या घरात राहू लागलो. मी सहा महिन्यांत हिंदी झालो. आई मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायचो, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही. आईची हिंदी मात्र भाजीवाल्यापाशी सुरू होऊन तिथंच थांबायची. ‘भैया, सब्जी ताजी है ना’ इथपर्यंत ठीक. पुढं क्रियापदं तिच्या हातातून निसटायची. “मैं आयेगी”, “वो गिर गया चम्मच को उठाव.” ज्या शहरात रिक्षावालासुद्धा नजाकतीनं बोलतो तिथं आपण तोंड उघडावं कशाला, असं ठरवून ती गप्प राहायला शिकली होती.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती गच्चीच्या जिन्यावरून पडली. उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. सहा आठवडे प्लास्टर. ते काढलं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “माताजी, अब ज़मीन पर बैठना भूल जाइए.”

“आता म्हणजे किती दिवस?” आईनं बाबांना विचारलं.

बाबांनी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

जमिनीवर बसायचं नाही, याचा अर्थ आमच्या घरात फार मोठा होता. आईची विळी जमिनीवरची होती. लग्नात आलेली, सागवानी पाट, वर खवणी. उजवा गुडघा उभा करून, त्या पायानं पाट दाबून ती बसायची आणि दोन्ही हातांत कोबी धरून पात्यावर असा ढकलायची की खाली हिरवट पांढरा धागाच पडतोय असं वाटावं. आता ती विळी सिंकखाली भिंतीकडे तोंड करून उभी होती. भाजी बाबा चिरायचे, सुरीनं, बँकेत निघायच्या आधी. काकडीचे त्यांनी केलेले तुकडे बुद्धिबळाच्या सोंगट्यांएवढे असत. आई तक्रार करायची नाही. पानात वाढलेलं खायची आणि अधूनमधून एखादा तुकडा बोटांत धरून नुसता बघायची.

आमच्या शाळेत नववीला एक हस्तकलेचा विषय घ्यावा लागे. मी काष्ठकला घेतली होती, कारण वर्कशॉप शाळेच्या मागच्या अंगाला होतं आणि तिथं दिवसभर ऊन असायचं. शिकवायला वाजिद सर. साठीकडे झुकलेले, करड्या स्वेटरवर भुश्याचे कण, आवाज हळू. आम्हा पंधरा वर्षांच्या पोरांना ते ‘आप’ म्हणत आणि रागावले की ‘जनाब’. त्यांनी ‘जनाब’ म्हटलं की वर्गातल्या करवती थांबायच्या.

नोव्हेंबरात त्यांनी वार्षिक प्रात्यक्षिकाचं काम सांगितलं. फेब्रुवारीअखेर प्रत्येकानं एक वस्तू बनवून द्यायची. पण वस्तू आपल्याला हवी ती नाही. “घर में, मोहल्ले में कोई ऐसा ढूँढिए जिसे किसी चीज़ की दिक़्क़त हो. उसके लिए बनाइए.” आणि लाकडाला हात लावायच्या आधी तीन वेगवेगळे आराखडे काढायचे, पुठ्ठ्याचे नमुने करायचे, आणि ज्याच्यासाठी वस्तू आहे त्याला वर्गात बोलावून, त्याच्यासमोर ते मांडायचे. निवड तो करेल. आपण नाही.

माझ्या शेजारी बसणाऱ्या आलोकनं लगेच टीव्हीची ट्रॉली जाहीर केली. दिक्कत त्याच्या दादाजींची, त्यांना टीव्ही लांबून दिसत नाही. मी पुस्तकांचं रॅक म्हणणार होतो. दिक्कत कोणाची, हे मागाहून शोधता आलं असतं.

पण त्याच आठवड्यात एका रविवारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर आईनं विळी बाहेर काढली होती. ती खुर्चीवर बसली होती, विळी समोरच्या स्टुलावर ठेवली होती, आणि ती स्टुलाचा पाय स्वतःच्या पायानं अडवून दुधी चिरायचा प्रयत्न करत होती. मला बघून ती दचकली. विळी सरकली, पाट कलंडला आणि तिच्या अंगठ्याला पातं लागलं. फार नाही. तिनं अंगठा तोंडात घातला आणि चोरी पकडली गेल्यासारखी माझ्याकडे बघून हसली.

“बाबांना नको सांगू,” म्हणाली.

“नहीं बताऊँगा,” मी म्हणालो.

सोमवारी मी वाजिद सरांना सांगितलं की मी आईच्या विळीसाठी काहीतरी करणार आहे. विळी म्हणजे काय, हे हातवारे करून दाखवलं. “अच्छा, पहसुल!” ते म्हणाले. त्यांच्या घरीही होती. मागून कोणीतरी म्हणालं, “औरतों का सामान बनाएगा.” वर्ग हसला. मला कान तापल्यासारखे वाटले आणि रॅक म्हणालो असतो तर बरं झालं असतं, असंही वाटलं. पण सरांनी वहीत माझ्या नावापुढं लिहून टाकलं होतं.

मी तीन आराखडे आठ दिवसांत केले. खरं सांगायचं तर एकच केला. लांबोडका, चार पायांचा बाक, पुढच्या टोकाला विळीचं पातं, मागं बसायला जागा. घोड्यावर बसावं तसं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. आपल्याच वजनानं बाक जागचा हलणार नाही. पायांचं कुसू, म्हणजे तासून बारीक केलेलं टोक, बाकाच्या खाचेत ठोकून बसवायचं, एकही खिळा नाही. रंगीत पेन्सिलीनं मी त्यात लाकडाच्या रेषासुद्धा भरल्या होत्या. बाकीचे दोन कागद नियम म्हणून काढले. एकात विळी खिळ्यांनी टेबलावर ठोकलेली, दुसऱ्यात ओट्याच्या कडेला दोरीनं बांधलेली.

वाजिद सरांनी तिन्ही कागद बाकावर शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघितले. मग घोड्याचा कागद उचलून बाजूला ठेवला आणि उरलेल्या दोघांवर हात ठेवून म्हणाले, “जनाब, ये दोनों आपने हारने के लिए बनाए हैं.”

मी घोड्याचा कागद जवळ ओढला.

“आपकी वालिदा आएँगी, एक अच्छी चीज़ देखेंगी और दो ख़राब. फिर आप कहेंगे, चुनिए. ये चुनना हुआ?” त्यांनी दोन्ही कागद घडी करून माझ्या हातात दिले. “इन्हें भी उतनी ही मेहनत दीजिए. फिर आइए.”

मी पुढं सुतार झालो नाही. बाबांसारखाच बँकेत लागलो. पण नोकरीत कोणी तीन पर्याय घेऊन आलं की माझी नजर आधी त्यातल्या पडेल कागदांकडे जाते. घरातही तेच. मुलीनं मागच्या वर्षी तीन कॉलेजांची यादी दाखवली तेव्हा मी दुसऱ्या आणि तिसऱ्या नावावर बोट ठेवून विचारलं, “इथं तू जाऊन आलीस का?” ती चिडली. “पापा, आप भी ना!” मग गेली, बघून आली, आणि यादीतलं तिसरंच निवडलं. स्वतःच्या आवडत्या गोष्टीच्या शेजारी दुसरी एखादी तितक्याच प्रेमानं उभी करणं फार अवघड असतं. त्यात आपलंच मन आपल्याविरुद्ध कामाला लावावं लागतं. पंधराव्या वर्षी मला यातलं काही कळत नव्हतं. मला फक्त राग आला होता.

मग कोहरा आला आणि शाळा बंद झाल्या. थंडीमुळं सुट्टी पुढं पुढं जात राहिली. बाबा सकाळी स्कूटरचा दिवा लावून चिनहटकडे निघत. फाटकाबाहेर दहा पावलांवर स्कूटर नाहीशी व्हायची आणि नुसता आवाज उरायचा. घरात आई आणि मी. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी तिला बघायला लागलो.

इतकी वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवलो ती जेवण करते कशी, हे मी पाहिलंच नव्हतं. ती उभी असताना वजन डाव्या पायावर टाकते आणि दहा मिनिटांनी ओट्याला कंबर टेकते. मटारच्या शेंगा सोलताना हात मांडीवर टेकवते, वर उचलत नाही. मी शिवणकामाची टेप आणली. खुर्चीची उंची, गुडघ्याची उंची, बसल्यावर कोपर कुठं येतं ते. आई हसत हात पुढं करायची. “ब्लाऊज शिवतोस का माझं?”

“हिलो मत,” मी म्हणायचो.

ओट्याच्या कागदावर मी मेहनत घेतली. वर्कशॉपमध्ये करवतीनं कापताना लाकूड सरकू नये म्हणून आम्ही एक फळी वापरायचो. तिच्या खाली आपल्याकडच्या काठाला पट्टी असते, ती बाकाच्या कडेला अडकते आणि आपण पुढं जोर लावला तरी फळी जागेवर राहते. विळीचंही तसंच होतं, भाजी आपण पुढंच ढकलतो. खोक्याच्या फळीवर विळी बांधून तशीच पट्टी मारली आणि बाबांना कोबी दिला. त्यांनी जोर लावताच पट्टी छान अडकली, पण फळीचा आपल्याकडचा काठ वर उचलला गेला. आम्ही फळी पलीकडे हातभर लांब केली. मग ती उचलली जाईना. बाबा कोबी संपवूनच उठले. ते आता या कामात गुंतले होते, बँकेतून आले की कोट न काढता विचारायचे, “आज काय ट्रायल?”

तिसरा आराखडा मला आईच्या पायांनी दिला. जानेवारीत एका रविवारी दुपारी कोहरा फाटला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा ऊन आलं. सगळं इंदिरानगर गच्चीवर चढलं. बाबांनी आईला धरून जिना चढवला. ती खुर्चीवर बसली, मांडीत मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप, आणि फरशी गार म्हणून पायाखाली जेवायचा पाट. मी समोर बसून कच्चे मटार खात होतो. सूप सरकलं की ती पाय किंचित दाबायची आणि पाट फरशीवर घट्ट बसायचा. विळीचा पाट ती याच पायानं दाबायची. पाय होता, दाब होता, फक्त त्याच्यापासून विळी लांब गेली होती. मग विळीला उंच करावं आणि पायाखालचा पाट तिच्याशी जोडावा. एक लहानशी उभी चौकट, वर विळी, खाली पाय ठेवायची रुंद फळी, मध्ये दोन बाजू. खुर्चीत बसून फळीवर पाय ठेवले की सगळं तिच्या वजनाखाली. मी मटार टाकून जिना उतरलो. “अरे, पडशील!” आई वरून ओरडली.

तिन्ही कागद आता खरोखर तीन होते. इतके की मलाच कळेना कुठला चांगला. घोड्यावरचा जीव मात्र सुटला नव्हता.

शाळा उघडल्या आणि मांडायचा दिवस ठरला. तेव्हा मला जाणवलं की आईला वर्गात यावं लागणार. त्या पोरांसमोर, काठी टेकत, तिच्या त्या हिंदीसकट. मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, मम्मींना चालता येत नाही, त्या येऊ शकणार नाहीत.

“कोई बात नहीं,” सर म्हणाले. “हम सब आपके घर चले चलेंगे. पास ही तो है.”

तीस पोरं आमच्या दोन खोल्यांत! मी घाईघाईनं म्हणालो की मी विचारून बघतो, कदाचित येतील. सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं, पण त्यांनी वहीत नुसती तारीख लिहून घेतली.

आई आली. सायकलरिक्षातून, मोतिया रंगाची साडी नेसून, वर बाबांचं जाकीट. प्लास्टर निघाल्यापासून डॉक्टरांकडे सोडून ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. वर्कशॉपच्या दाराशी ती थबकली आणि खोल श्वास घेतला. “कसला गोड वास रे,” म्हणाली. सरांनी पुढं होऊन आदाब केला. “तशरीफ़ लाइए.” आलोकनं न सांगता खुर्ची आणली, आणि तिचा पाय बघून दुसरी खुर्चीही आणली, पाय ठेवायला.

फळ्यावर माझे तीन कागद टाचण्यांनी लावले होते, खाली पुठ्ठ्याचे नमुने. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं, सरांकडे बघत. दोन वाक्यं झाली असतील, सरांनी थांबवलं. “जनाब, सब्ज़ी मैं नहीं काटता. उधर देखकर बोलिए.”

मी आईकडे वळलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. मग जे होतं ते सांगितलं. ओट्यावरचा हा, याला अशी पट्टी अडकते. हा बाक, यावर असं बसायचं. हा उंच, याच्या फळीवर पाय ठेवायचे. हिंदीत सुरुवात केली होती. मध्येच केव्हातरी मराठी बोलू लागलो होतो, ते मला मागाहून आलोकनं सांगितलं.

आई ओट्याच्या नमुन्याकडे बघत म्हणाली, “इसमें मैं रोज खड़ी रहेगी क्या?”

मागून दबलेलं हसू आलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. सरांनी मान हलवली आणि अगदी गंभीरपणे वहीत लिहिलं. “खड़े रहना पड़ेगा. सही बात.” मग त्यांनी वर्गाकडे पाहिलं. “ये आप लोगों में से किसी ने पूछा था?” कोणी विचारलं नव्हतं. हसू थांबलं.

आईला त्यानं धीर आला असावा. तिनं घोडा हातात घेतला, फिरवला, आणि तिचे डोळे हसले. “ये तो बहुत सुंदर है. पर बेटा, साड़ी में घोड़े पे?” तिनं बसल्यासारखा नुसता खांदा हलवून दाखवला आणि सगळा वर्ग हसला. या वेळचं हसू वेगळं होतं, त्यात तीही होती. मी इतका जीव लावलेला घोडा तिनं हळूच बाकावर ठेवला, थोपटून ठेवावा तसा. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण वाटलं होतं तितकं नाही.

मग ती तिसऱ्याकडे वळली. त्याच्यासमोर पाय ठेवले, हात पुढं केले, हवेतला कोबी ढकलला. “ये ठीक है,” म्हणाली. मी सुटलो असं वाटलं तेवढ्यात तिनं मान तिरकी केली. “पर कटी हुई सब्जी गिरेगी कहाँ?”

जमिनीवरच्या विळीखाली थाळी असते, चिरलेलं तिच्यात पडतं. मी फळी उचलली जाऊ नये, घोडा हलू नये, पाय कुठं असावा, या सगळ्याचा विचार केला होता. विळी चिरण्यासाठी असते, आणि चिरलेलं कुठंतरी पडतं, हे तिन्ही कागदांत कुठंच नव्हतं.

वाजिद सर खुर्चीवरून उठले. त्यांचा चेहरा उजळला होता. “बहनजी,” ते म्हणाले, “आप ही बताइए. कहाँ गिरनी चाहिए?”

आईनं माझी पेन्सिल मागितली. माझ्या कागदावर, पात्याच्या पुढं, तिनं वाकडंतिकडं अर्धवर्तुळ काढलं. “इधर काटो. और नीचे थाली. ऐसे, दराज़ जैसी, बाहर आएगी.” एकही क्रियापद चुकलं नाही. कदाचित चुकलंही असेल. मी ऐकत नव्हतो, बघत होतो.

मलिहाबादला एका बागेत वाळलेलं दशहरीचं झाड कापलं होतं, त्याच्या फळ्या सरांनी मिळवल्या. आंब्याचं लाकूड फार मानाचं नसतं. त्यात कीड असते, रेषा कुठंही वळतात. पण रंध्याखालून त्याची ढलपी निघते ती फिकट मधासारखी. फेब्रुवारीभर शाळा सुटल्यावर मी वर्कशॉपमध्ये असायचो. सरस गरम करायचा, उग्र वास यायचा, बोटं चिकटायची. एक खाच मी मोठी कापली. सरांनी ती भुसा आणि सरस कालवून भरायला शिकवलं आणि म्हणाले, लपली नाही तरी चालेल, धरून ठेवली पाहिजे.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. आलोकच्या ट्रॉलीवर हात फिरवून ते खूश झाले. तिला चकचकीत पॉलिश होतं, खाली चाकं होती. माझ्या वस्तूकडे आले, त्या भरलेल्या खाचेत नख खुपसून पाहिलं आणि विचारलं, “ये है क्या?” मी सांगितलं. त्यांनी “अच्छा” म्हटलं आणि पुढं गेले. गुण बरे मिळाले, फार नाहीत. वाजिद सरांनी निकालाचा विषय काढला नाही. फक्त विचारलं, “थाली अटकती तो नहीं?”

थाळी अडकत नव्हती. पहिल्या दिवशी आईनं कोबी घेतला. खुर्चीत बसली, फळीवर दोन्ही पाय ठेवले, पदर खोचला. कोबी पात्याला लागला आणि तो आवाज आला, ओल्या पानांचा, एकसारखा, दसऱ्यापासून घरात न आलेला. खाली थाळीत धागे पडत राहिले. कोबी संपला तरी ती उठली नाही. मग गाजर घेतलं, मग काकड्या. “एवढं खाणार कोण?” बाबा म्हणाले. तिनं पुढची काकडी उचलली. त्या दुपारी आम्ही तिघं कोशिंबीरच जेवलो म्हटलं तरी चालेल, आणि बाबांनी तीनदा मागून घेतली.

होळी झाली. गच्च्या तापायला लागल्या. एका सकाळी शेजारच्या शुक्ला चाची वाटीभर साखर मागायला आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. आई चिरत होती. चाचींनी त्या वस्तूला फेरी मारली, थाळी ओढून पाहिली, परत सरकवली. त्यांच्या कमरेला पट्टा असायचा. “भाभी, हमारे लिए भी ऐसा ही बनवा दो ना, बिल्कुल ऐसा.”

वर्षभरापूर्वी आईनं हसून माझ्याकडे बोट दाखवलं असतं. तिनं हात पुसले, उठली आणि चाचींना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. भोपळ्याची फोड त्यांच्या हातात दिली.

“ऐसा नहीं. पहले आप काटो. मैं देखती हूँ.”

चाची लाजल्या, मग चिरायला लागल्या. आई ओट्याला टेकून उभी होती. जरा वेळानं ती वाकली, गुडघा जेवढं वाकू देत होता तेवढीच, आणि चाचींच्या हाताकडे निरखून बघू लागली. फोड डाव्या हातानं ढकलली जात होती आणि तुकडे थाळीच्या काठावरून खाली ओट्याशी पडत होते.

“बघितलंस?” ती मला म्हणाली. “हात डावा आहे त्यांचा. आपल्याला सगळं फिरवून काढावं लागेल.”

मी कागद आणायला गेलो.